केसरच्या मांडवाची मेढ

“पत्रा? आनि ह्या टेपावर? आवो रावजीदादा, पत्रा घातलात त तो मांडव न्हाय, मचवा झाला. शीड भरलं का मचवा कोनाच्या बापाचं ऐकतो? उचलंल आनि नेऊन टाकील बोर्लीच्या बाजारात.”

“बाजारात नेलान त बरंच,” रावजी म्हणाला. “इकून टाकू.”

हसलं कोणीच नाही, पत्रा नको म्हणणारा बुधाजी नाही आणि रावजी स्वतःसुद्धा नाही.

टेप म्हणजे रावजीच्या वाडीच्या पार पश्चिमेच्या कोपऱ्यातला वाळूचा उंचवटा. त्याच्यापुढे केवड्याचं बन आणि बनापुढे समुद्र. बोर्ली पंचतनाहून समुद्राच्या अंगाला उतरत आलं की नारळी-पोफळींच्या वाड्या लागतात, त्यांतली ही शेवटची. पोफळीत वारा जेमतेम शिरतो, पण टेपावर तो बारा महिने मुक्कामाला. शहाण्या माणसाने तिथे गोवऱ्यांची राससुद्धा रचली नसती. आणि रावजीला तिथेच मांडव हवा होता.

लग्नाचा नव्हे. त्याची लेक केसर एकोणीस वर्षांची, मुंबईला गिरणीत कामाला असलेल्याच्या घरी दिलेली. सन तेहतीसच्या माघात सासरच्यांनी तिला बोटीने आणून बंदरावर उतरवलं आणि त्याच बोटीने ते परत गेले. क्षय. मुंबईच्या डाक्तराने सांगितलं होतं, पोरीला कोंडू नका, उघड्या हवेत निजवा. घरात थोरल्या मुलाची दोन रांगती पोरं, म्हणून घर नाही. पोफळीत निजवावी, तर शेजारचा बाबाजी कुंपणाशी येऊन उभा राहिला.

“रावजी, पोरीवर माजा राग न्हाय. माज्या मांडीवर खेळलीय ती. पन तुज्या पोफळीतला वारा सरळ माज्या चुलीवर येतो. तेवढं वारं तू दुसरीकडं ने.”

वारं दुसरीकडं न्यायचं म्हणजे टेपच उरला. तिथून सुटलेला वारा खाजणाच्या खारट दलदलीवर जाई, कोणाच्या चुलीवर नाही. केसरला जगवायची, तर जिथे काहीच टिकत नाही तिथे टिकेल असं छप्पर हवं, एवढं हे सरळ काम होतं. त्यासाठी बुधाजीला बोलावणं गेलं.

बुधाजी मांडववाला. शेती म्हणायला चार वाफे, पण त्याचं पोट भरायचं ते सुंभ, बांबू आणि विणलेल्या झावळ्यांची झापं यांच्यावर. बांबू वाहून वाहून डावा खांदा उजव्याहून दोन बोटं खाली गेलेला, आणि उजव्या तळहाताला सुंभाने अशा चिरा पाडलेल्या की मीठ-मिरचीचं कालवण तो डाव्या हाताने जेवायचा. आसपासच्या बारा-चौदा वाड्यांत लग्न ठरलं की आधी भटाकडे माणूस जाई आणि मग बुधाजीकडे. कधीकधी आधी बुधाजीकडेच.

टेपावर तो बराच वेळ नुसता बसून राहिला. मुंडासं सोडून त्याचं टोक हातात धरलं आणि ते कुठे उडतं ते बघितलं. मग उठला नि उभ्याने बघितलं. मग आडवा पडून बघितलं.

“काय निजायला आला का काय?” रावजीने विचारलं.

“पोर निजनार हाय ना? मंग तिला कसा लागतो ते नको बघायला?” वाळू झटकत तो उठला. “आयका आता. छप्पर झापांचं. झाप फाटंल, पन वाऱ्याशी भांडनार न्हाय. चारी बाजूंनी उतरतं करायचं, ठेंगनं. हुब्या मान्साचं डोकं लागंल येवढं ठेंगनं. माथ्यावर हातभर फट ठेवून वर टोपन. खालनं शिरलेलं वारं तितनं भायेर पडंल. कोंडलेलं वारं छप्पर उचलतं, दादा. ढकललेला मांडव सावरता येतो, उचललेला न्हाय.”

“आनि मेढ?”

हे आवडाबाईने विचारलं, केसरच्या आईने. ती कधी येऊन मागे उभी राहिली होती कोणाला कळलं नव्हतं.

बुधाजीने मुंडासं बांधायला घेतलं. “वयनी, मेढ लग्नाच्या मांडवाला. ह्यो आजारी मान्साचा आसरा. ह्याला मेढ पुरत न्हाईत.”

“तू उपटलीस,” आवडाबाई म्हणाली. “तूच पूर.”

आता ही मेढ काय ते सांगायला हवं. लग्नाचा मांडव घालताना या वाड्यांत पहिला खांब उंबराचा पुरतात. त्याला हळद लावायची, आंब्याचे टहाळे बांधायचे, हळदीच्या दोऱ्याने सुपारी बांधायची, आणि मग बाकीचे खांब. लग्नानंतर पाचव्या दिवशी मेढीला दहीभात आणि नारळ द्यायचा, मग ती उपटून वाहत्या पाण्यात सोडायची. याला मांडव परतणं म्हणतात. त्याआधी मेढ हलता कामा नये. मांडवाखाली जे मागितलं ते मेढीच्या मुळाशी असतं, अशी समजूत.

केसरचं लग्न सन एकतीसच्या वैशाखात झालं. त्याच दिवशी म्हसळ्याकडे दुसरं लग्न होतं आणि दोन्ही मांडव बुधाजीने घेतले होते. वेळ पुरेना. केसरच्या मांडवाचे खड्डे त्याने वीतभर कमी, मग आणखी वीतभर कमी असे करत कोपरभरच खोदले. खांबाच्या पायाला आडवं लाकूड ठोकायचं, ते ठोकलंच नाही. पाच दिवसांचा तर खेळ. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि मांडव जागच्या जागी उड्या मारायला लागला. बांबू कोणाच्या डोक्यात जाऊ नयेत म्हणून बुधाजीने कोयतीने दोर तोडले आणि सगळा मांडव खाली घेतला. त्यात मेढही आली.

“असलं वारं बापजन्मात न्हाय बघितलं,” असं तो त्या दिवशी सगळ्यांना सांगत सुटला होता. वारा मध्यम होता. त्या वाऱ्याला बाबाजीच्या अंगणातली वाळत घातलेली लुगडीसुद्धा दोरीवरून उडाली नव्हती. हे त्याला माहीत होतं आणि त्याच्या बायकोला, ठमीला. तिने तेव्हा झाप विणता विणता एवढंच म्हटलं होतं, “वारं मोठं व्हतं का खड्डा उथळ व्हता, ते मला नका सांगू.”

टेपावरून तो घरी आला तेव्हा ठमी तशीच विणत बसली होती.

“पुरनार?”

“पुरायला लागंल.”

“आवो, डोकं हाय का नारळ? पोर जगायची न्हाय. मी बघितलीय तिला, नुसता सांगाडा. मेढ पुरलीत आनि ती गेली, त तुमच्या हातची मेढ कोन आपल्या लेकीच्या दारात पुरून घेनार? आसरा बांधा, शंबर बांधा. मेढ नको.”

“आनि जगली त?”

“जगली त आवडाबाई जगली. आपल्याला त्यात काय?”

ठमीचं खरं होतं. पण आवडाबाई ‘तू उपटलीस’ म्हणाली तेव्हा वाऱ्याचं नाव घ्यायला त्याची जीभ उचलली नव्हती, आणि ती का उचलली नाही हेही ठमीला ठाऊक होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी झापं डोक्यावर घेऊन तीच पुढे चालली.

मांडवाला नऊ दिवस लागले. लग्नाचा दीड दिवसात होतो. वाळूत खांब धरत नाही, कितीही ठोका. मातीसारखी वाळू चावत नाही. बुधाजीने ऐनाच्या टणक लाकडाचे तीन खांब अडीच-अडीच हात खाली नेले. दोन हातांवर पाणी लागलं, ते ठमीने करवंटीने उपसलं. प्रत्येकाच्या पायाला हातभर लाकूड आडवं ठोकलं, त्यावर जांभ्याचे चिरे रचले आणि मग वाळू. कोळी होडीचा दोर बांधायला पुळणीच्या वाळूत ओंडका आडवा पुरतात, तसे चार ओंडके चार दिशांना पुरले आणि छपराला ओढून धरणारे दोर, म्हणजे ताण, त्यांना दिले. छपरावरून दोरांचं जाळं टाकून टोकांना दगड लोंबकळवले. लोक बघायला येत, खड्ड्यात वाकत आणि म्हणत, “बुधाजी, खाली हत्ती बांधायचाय का काय?”

चौथा खांब मेढीचा. बुधाजीच्या मनात होतं की मेढ नुसती बाजूला रोवावी, वर भार नको. आवडाबाईने ते मानलं नाही. “छप्पर टेकलं न्हाय त ती मेढ कसली? काठी.” मग केसरच्या उशाचा, घराच्या अंगाचा कोपरा उंबरावर टेकला. उंबर म्हणजे ओला भोपळा. पाच दिवसांच्या कामाचं लाकूड. वाऱ्याच्या आडच्या अंगाला दिलाय, तेवढं निभेल, असं बुधाजीने स्वतःला समजावलं.

फाल्गुनात केसर टेपावर आली. चालत आली, बापाचा हात धरून. खाटेवर बसून तिने आधी समुद्राकडे आणि मग वर छपराकडे बघितलं.

“काका, येवढे दोर? छप्पर उडंल म्हनून बांधलंत का मी पळून जाईन म्हनून?”

“तू कशाला पळशील? जिभेचं वजन हाय तुज्या.”

दर आठ दिवसांनी तो ताण आवळायला येई. आला की ती त्याला मुंबईचं सांगे. चाळीत खोलीला एकच झरोका, तोही शेजारणीच्या मोरीवर उघडणारा. सासू तिच्या खोकल्यावर बाहेर जाऊन थुंके. हे ती हसत सांगे आणि हसताना खोकला आला की पदर तोंडाला लावून दुसरीकडे तोंड करी. बुधाजी त्या वेळी मुद्दाम लांबच्या खांबाकडे जाई. तिच्या पदराकडे बघायचं त्याला धारिष्ट नव्हतं.

आषाढात पावसाने झोडपलं. वाऱ्याच्या अंगाला कमरेएवढी झापं लावली, वरचं मोकळं. सगळ्यांना वाटलं होतं, पोर पाऊस काढत नाही. पण केसर दोन वेळा पेज प्यायला लागली. श्रावणात तिने सुका बांगडा मागितला. आवडाबाई रोज मेढीला हळद लावी आणि पाणी घाली. आणि लोकांचं काय, लोक बघत असतात. बोर्लीत बोललं जायला लागलं की बुधाजीच्या मेढीला गुण आहे. मार्गशीर्षातल्या दोन लग्नांचं बोलणं त्याला श्रावणातच आलं. इतकं आधी कधी येत नसे. ठमीने ऐकलं आणि मान हलवली, पण त्या दिवशी तिने भाकरीबरोबर अंडं तळलं.

भाद्रपदात ताण आवळताना बुधाजीने मेढीला बुडाशी कोयतीचं टोक लावलं. ते लोण्यात जावं तसं आत गेलं. रोजच्या पाण्याने मेढ कुजली होती.

“वयनी, ही काढू. दुसरी उंबराचीच पुरतो, आत्ताच्या आत्ता.”

“माजी पोर उठून घरात जाईपर्यंत मेढ हलनार न्हाय.”

“आवो, ती आपनच हलायच्या तयारीला आलीय!”

“दुसऱ्यांदा उपटतोस?” आवडाबाई म्हणाली. केसर खाटेवर डोळे मिटून पडली होती, जागी होती.

मग त्याने मेढीला खेटून ऐनाचा खांब पुरला, तसाच अडीच हात, पायाला आडवं लाकूड देऊन. छपराचा कोपरा त्यावर घेतला. आता मेढ मोडली तरी छप्पर राहणार होतं. ऐनाला मेढ दोराने बांधून टाकावी, म्हणजे ती मोडली तरी उभी दिसेल, हेही त्याच्या मनात आलं. पण मेढीला हळदीच्या दोऱ्यावाचून दुसरा दोर लागत नाही. आवडाबाईने तो हातातून काढून घेतला.

वादळ कार्तिकात आलं, पाऊस संपला असं सगळ्यांनी धरल्यावर. सकाळी आभाळ तांब्याच्या हंड्यासारखं होतं आणि वारा उलटा, जमिनीकडून. बुधाजी शेतावर भात कापत होता. विळा तिथेच टाकून निघाला, मागून ठमी. ते पोचेपर्यंत वारा फिरून समुद्राकडून आला होता आणि वाडीत नारळीच्या झावळ्या कोयत्याने तोडल्यासारख्या पडत होत्या.

“हिला घरात न्या!” ठमी ओरडली.

“वाडीतनं कशी नेता?” रावजीने दाखवलं. घराच्या वाटेवर एक आख्खा माड आडवा होता आणि दुसरा वाकत होता. केसर म्हणाली, “घरात पोरं हायेत. मी हितंच बरी.”

आवडाबाई वरची झापं सोडत होती. पोरीला वारा लागू नये म्हणून चारी बाजू बंद करायच्या, कोणतीही आई हेच करील. बुधाजीने तिच्या हातातून झाप हिसकून घेतलं.

“कोंडू नका! वारं शिरलं तसं जाऊ दे! कोंडलंत का पोरीसकट उचलंल!”

आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिला ढकललं. मग बायका केसरला घोंगडीत गुंडाळून खाटेखाली घेऊन बसल्या आणि दोघे पुरुष एकेका ताणावर जाऊन ओणवे झाले. छपरातून वारा जाताना शिट्टीसारखा वाजत होता. दोर इतके ताठ झाले होते की हात ठेवला तर तळव्यात मुंग्या येत. ओंडके हलले नाहीत. ऐनाचे खांब कुरकुरले पण बसले जागचे. भर दुपारी एक झोत असा आला की बाबाजीच्या घराची कौलं पाखरांच्या थव्यासारखी उठली, आणि त्याच झोतात केसरच्या उशाशी मेढ मोडली. आवाजसुद्धा धड झाला नाही. ओलं काहीतरी बसल्यासारखा झाला. छपराचा कोपरा दोन बोटं खचला, ऐनावर बसला आणि राहिला.

संध्याकाळी वारा पडला तेव्हा टेपावर झापांचा मांडव होता आणि आसपासच्या चार वाड्यांत धड छप्पर एकही नव्हतं. केसरने घोंगडीतून तोंड काढलं. ओठ निळे पडले होते.

“काका, हुबा हाय की वो.”

“हाय ना. मंग काय त.”

आवडाबाईने मात्र वर बघितलंच नाही. ती मोडलेली मेढ मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्यावरचा चिखल पदराने पुसत होती.

केसर अकराव्या दिवशी गेली, सकाळी, पेज पिता पिता. डाक्तर असता तर म्हणाला असता की ती भिजली, गारठली, छातीत आधीच काही उरलं नव्हतं. वाड्यांनी दुसरं म्हटलं. मेढ मोडली, पोर गेली. आणि मेढ कोणी पुरली होती?

मार्गशीर्षाच्या दोन लग्नांतला एक बाप येऊन सांगून गेला, की आमचा म्हसळ्याचा पाव्हना मांडव घालणार आहे. दुसरा आला नाही, त्याच्या दारात परक्या हातचा मांडव नुसता दिसला. बाबाजीने वाटेत गाठून तोंडावर सांगितलं. तेवढा तो सरळ.

“बुधाजी, तुज्यासारखा मांडव कोनाला जमायचा न्हाय. माजी कौलं गेली, तुजी काडी हालली न्हाय. कुठंबी सांगंन मी. पन आमच्या पोरीच्या, गोदूच्या, लग्नाला मी दुसरा बघितलाय. राग नको मानू.”

“कौलं चढवलीत का?” बुधाजीने विचारलं.

टेपावरचा मांडव त्यालाच उतरवायचा होता. परतणं झालं नाही; दहीभात कशाला द्यायचा? छप्पर दोन घटकांत उतरलं. ओंडक्यांना दीड दिवस लागला. वाळूने ते असे धरले होते की बाजूने चर खणल्याशिवाय हलेनात. रावजी मदतीला आला. दोघे खड्ड्यात उतरून वाळू उपसत होते, तेव्हा बुधाजी खाली मान घालूनच म्हणाला, “दादा, एकतीसला तुमच्या लग्नाच्या मांडवाचे खड्डे कोपरभर व्हते. वारं काय मोठं नव्हतं.”

रावजीने फावडं वाळू पडेपर्यंत तिरकं धरलं.

“ठाव हाय. बुजवले मीच.”

बुधाजी वर बघायला लागला. “मंग मलाच कशाला बोलावलंत?”

“हिनं मेढीसाठी बोलावलान. मी खड्ड्यांसाठी.” आणि मग, फावडं पुन्हा वाळूत घालत, “हिला सांगू नको. तिला मेढच राहू दे.”

बुधाजी ते कधी कोणाला बोलला नाही. बोलला असता तर कदाचित आवडाबाईने त्याला शिव्या दिल्या असत्या, आणि कदाचित वाड्यांना पटलं असतं की दोष खड्ड्याचा होता, मेढीचा नव्हता. पण मग केसरच्या नशिबाचं काय करायचं, ते आवडाबाईला कोणी सांगितलं असतं? त्यापेक्षा लोक त्याच्या हाताला नावं ठेवतायत ते बरं, असं काही त्याने ठरवलं असेल किंवा नसेलही. त्याने ते ठमीलासुद्धा सांगितलं नाही. ठमीने लग्नाच्या मांडवाचे रंगीत पडदे पेटीतून काढले, उन्हात घातले आणि घडी घालून परत ठेवले.

पुढे त्याला काम मिळालं ते गुरांच्या गोठ्यांचं, भाताच्या उडव्यांवरच्या छपरांचं, बंदरावर माल झाकायच्या मांडवांचं. ज्यांना मेढ लागत नाही अशी कामं. ती त्याने खोल खोदून केली, दोन हात सांगितले तर अडीच. लोक ओळखू लागले, की वाऱ्याच्या जागी काही बांधायचं तर बुधाजी, आणि शुभकार्य असेल तर दुसरा.

चौतीसचं साल सरून पस्तीसचा माघ लागला तेव्हा तो पुळणीवर नीराबाई कोळणीची सुकट वाळवायची मांडवी बांधत होता. नीराबाई म्हणजे तोंडाची तलवार. ती टोपलीवर बसून विडी ओढत होती आणि त्याच्या खड्ड्याकडे बघत होती.

“अरं बाबा, विहीर खणतंस का खांब पुरतंस?”

“खांब.”

“मंग बस झाला की! आन् ती मेढ-बीढ नको हां मना. माज्या बोंबलांची काय वरात न्हाय काराची.”

पलीकडे झाप विणत बसलेल्या ठमीचे हात थांबले. बुधाजीने खड्ड्यातून मान वर केली, नीराबाईकडे बघितलं. तिला केसरचं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी ती हेच बोलली असती.

“न्हाय पुरत,” तो म्हणाला. “ते आडवं लाकूड दे इकडं. आनि वाईच बाजूला हो, उजेड आडतोय.”

नीराबाईने पायाने लाकूड त्याच्याकडे लोटलं. त्याने ते खांबाच्या बुडाशी धरलं, तोंडातला खिळा काढला आणि ठोकायला लागला.